वडिलांकडे पैसे मागू नकोस, सह्या माग

परभणी जिल्ह्यातल्या एका वाचक मुलीचं पत्र आलंय. बारावी विज्ञानला ७४ टक्के, सीईटीत ९१ पर्सेंटाइल, मे महिन्यात १८ पूर्ण. इतर मागास वर्गातली. वडिलांची तीन एकर कोरडवाहू आणि पिठाची गिरणी. उत्पन्नाच्या जुन्या दाखल्यावर १ लाख ४० हजार. ती लिहिते: "मला संगणक अभियांत्रिकीला जायचंय. पप्पा म्हणतात, जायचं तर जा, पण माझ्याकडून एक रुपया मिळणार नाही, पैसे धाकट्याच्या शिक्षणाला ठेवायचेत. मम्मी माझ्या बाजूनं आहे, पण तिच्या हातात पैसा नसतो. मैत्रिणी म्हणतात पुण्यातल्या कॉलेजला चार वर्षांत सात-आठ लाख लागतात. आईबापाच्या मदतीशिवाय हे होतं का? की बीएस्सी करून गप्प बसू?"

होतं. तुझ्या बाबतीत तर नक्की होण्यासारखं आहे. फक्त तू हिशेब सात-आठ लाखांचा करत बसली आहेस, आणि अडचण तिथे नाही. सरकारकडून मिळणारा पैसा पुरेसा आहे, पण तो उशिरा येतो. खर्च जुलै-ऑगस्टमध्ये सुरू होतो आणि शिष्यवृत्ती कधी जानेवारीत, कधी त्याहून पुढे हातात पडते. मधले पाच-सहा महिने कसे काढायचे, हा तुझा खरा प्रश्न. दुसरी गोष्ट, यातला जवळपास प्रत्येक अर्ज वडिलांच्या कागदांवर अडतो. म्हणून त्यांच्याकडे पैसे मागूच नकोस. कागद आणि सह्या माग. "जायचं तर जा" म्हणणारा बाप सही द्यायला सहसा नाही म्हणत नाही, एकदाच आणि नेमकं काय हवंय ते सांगितलं तर.

आधी फीचं बघू. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे व्यावसायिक अभ्यासक्रमांना जाणाऱ्या इतर मागास, आर्थिक दुर्बल आणि सामाजिक-शैक्षणिक मागास प्रवर्गातल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के सरकार भरतं. अट कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असण्याची. तू त्यात आरामात बसतेस. मात्र प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधूनच झाला पाहिजे. मॅनेजमेंट कोटा किंवा संस्था पातळीवरच्या जागेवर घेतलेल्या प्रवेशाला हे लागू नाही. खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठंही यात येत नाहीत. "कॅपची वाट कशाला बघता, आमच्याकडे आजच जागा पक्की करा" असा फोन तुला नक्की येईल. त्या एका फोनची किंमत चार वर्षांची सगळी फी आहे.

शंभर टक्के म्हणजे सगळं फुकट, असं मात्र समजू नकोस. कॉलेजच्या फीचे तुकडे असतात. समज, शुल्क नियामक प्राधिकरणानं एखाद्या कॉलेजची फी १ लाख २० हजार ठरवली आणि त्यात शिक्षण शुल्क १ लाख ६ हजार, विकास शुल्क १४ हजार असेल, तर सरकार १ लाख ६ हजार भरणार आणि १४ हजार तुझ्या अंगावर. शिवाय विद्यापीठाची किरकोळ शुल्कं, अनामत, विमा असे चार-पाच हजार. म्हणून पर्याय भरताना प्रत्येक कॉलेजचं विकास शुल्क वेगळं बघ. एकूण फी जास्त पण विकास शुल्क कमी, असं कॉलेज तुला स्वस्त पडू शकतं. कॉलेजनं प्रवेशाच्या वेळी सरकार भरणार असलेला हिस्सा तुझ्याकडून मागायचा नाही, असे स्पष्ट आदेश आहेत. "आता पूर्ण भर, शिष्यवृत्ती आली की परत देऊ" असं खिडकीवर ऐकायला मिळालं तर वाद घालू नकोस. शासन निर्णयाची प्रत जोडून प्राचार्यांच्या नावे अर्ज दे आणि आवक क्रमांकाची पोच घे. तरीही ऐकलं नाही तर तोच कागद तंत्रशिक्षणाच्या विभागीय सहसंचालक कार्यालयात दे.

पुणंच का, हेही एकदा नीट विचार करून बघ. तुझ्या घरापासून जवळ नांदेडला विष्णुपुरीत श्री गुरू गोविंदसिंहजी अभियांत्रिकी संस्था आहे, छत्रपती संभाजीनगरला शासकीय अभियांत्रिकी आहे. तुझ्या पर्सेंटाइलला तिथे संगणक शाखा मिळणं कठीण, पण इलेक्ट्रॉनिक्स किंवा इन्स्ट्रुमेंटेशनसारख्या शाखा यादीत वर ठेवून बघायला काय हरकत आहे? सरकारी कॉलेजात फी मुळातच कमी आणि वसतिगृह आवारात. पुण्यात खोली, मेस आणि बस मिळून महिन्याला आठ-नऊ हजारांच्या खाली जमणं अवघड. आमचं मत विचारशील तर शाखेपेक्षा वसतिगृहाला वजन दे. पैशाच्या ओढाताणीनं शिक्षण सुटतं ते बहुतेक वेळा फीपायी नाही, खोलीभाडं आणि मेसपायी सुटतं.

आता कागद. हा भाग कंटाळवाणा आहे, पण सगळा खेळ इथेच आहे.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो आणि आपले सरकार किंवा महा ई-सेवा केंद्रातून अर्ज जातो. वडिलांचं आधार, शिधापत्रिका, सातबारा, आठ-अ, स्वयंघोषणापत्र आणि तलाठ्याचा अहवाल. तलाठ्याचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण माणूस तोच. दाखले दोन तऱ्हेचे मिळतात, एका वर्षाच्या उत्पन्नाचे आणि तीन वर्षांच्या. तीन वर्षांचा नॉन-क्रीमी लेयरसाठी, म्हणजे कुटुंब सधन गटात मोडत नाही या प्रमाणपत्रासाठी हवा. शिष्यवृत्तीला मागच्या आर्थिक वर्षाचं उत्पन्न बघतात. एकाच फेरीत दोन्ही मागून घे. दाखल्याची मुदत ३१ मार्चपर्यंत असते. मागच्या वर्षीचा जुना दाखला चढवला की अर्ज परत येतो, आणि जुलैत सेतू केंद्रावर ही गर्दी असते.

"पप्पा पैसे देत नाहीत, मग माझं उत्पन्न शून्य दाखवलं तर?" असं बरीच मुलं विचारतात. नाही चालत. अविवाहित विद्यार्थ्याच्या बाबतीत आईवडिलांचंच उत्पन्न धरतात, ते देतात की नाही हे बघत नाहीत. खोटा दाखला तर काढूच नकोस. पुढे पडताळणीत सापडला तर घेतलेली सगळी रक्कम वसूल होते आणि गुन्हाही दाखल होऊ शकतो.

नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र प्रांत कार्यालयातून मिळतं. त्याची मुदत चालू शैक्षणिक वर्षातल्या ३१ मार्चपर्यंत आहे ना, हे तारखेसह तपास. जात वैधता प्रमाणपत्राचं तू पत्रात काहीच लिहिलं नाहीस, म्हणून जरा काळजी वाटते. नसेल तर आजच जिल्हा जात पडताळणी समितीकडे ऑनलाइन अर्ज टाक आणि छापील प्रत, शपथपत्रं, बारावीच्या कॉलेजचं पत्र जोडून पोच घे. इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा बघतात. तो बहुधा आजोबांच्या शाळेच्या प्रवेश निर्गम उताऱ्यात मिळतो. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर त्यांच्या भावांचा, नाहीतर महसुली नोंदीतला. वडिलांच्या बाजूच्या कुणा सख्ख्याकडे वैधता असेल, काका, आत्या किंवा चुलत भाऊ, तर त्याची प्रत आणि वंशावळ जोड. काम फार सोपं होतं. यासाठीही वडिलांची सही लागते.

म्हणजे वडिलांसमोर बसताना एकच फाइल घेऊन बस. स्वयंघोषणापत्र, वंशावळीचं शपथपत्र, अर्जातल्या पालकांच्या सह्या, आणि त्यांच्या आधार, सातबारा, आठ-अ यांच्या चार-चार झेरॉक्स. आज एक, उद्या दुसरं, असं करत राहिलीस तर तिसऱ्या दिवशी घरात भांडण होईल. "पप्पा, पैसे नकोत, एवढ्या सह्या द्या आणि एक दिवस माझ्याबरोबर तहसीलला चला." इतकंच बोल.

महाडीबीटीवर, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी संकेतस्थळावर, अर्ज प्रवेश झाल्यावर भरायचा आणि दरवर्षी नव्यानं. एकदा भरला की चार वर्षांचं मिटलं, असं समजून दुसऱ्या वर्षी कोरडे राहिलेले विद्यार्थी दर साली असतात. अर्ज आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो, तिथला लिपिक छाननी करतो, मग प्राचार्य, मग विभागाचं कार्यालय. चूक सापडली तर अर्ज तुझ्याकडे परत येतो आणि तू दुरुस्त करून पाठवेपर्यंत तिथेच पडून राहतो. त्याचा संदेश मोबाइलवर येईल या भरवशावर राहू नकोस, दर रविवारी स्वतः लॉगिन करून बघ. दहावीच्या गुणपत्रिकेवरचं आणि आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. वडिलांच्या नावातला एखादा "राव" जास्तीचा असेल तर तो आताच आधारवर दुरुस्त करून घे.

सगळ्यात जास्त घोटाळा बँक खात्यात होतो. खात्याला आधार जोडलेलं असणं वेगळं आणि थेट लाभासाठी ते खातं आधारशी मॅप असणं वेगळं. सरकार पैसे पाठवतं ते आधार क्रमांकावर. तो क्रमांक ज्या खात्याशी शेवटी मॅप झाला असेल तिथे पैसे जातात, भले अर्जात तू दुसरंच खातं लिहिलेलं असो. आधारच्या संकेतस्थळावर "बँक सीडिंग स्टेटस" आहे. तिथे बँकेचं नाव आणि स्थिती सक्रिय आहे का ते बघ. दिसणारी बँक भलतीच असेल तर हव्या त्या बँकेत सीडिंगचा, म्हणजे या जोडणीचा फॉर्म भरून दे आणि दोन-चार दिवसांनी पुन्हा तपास. आणखी एक. शाळेत असताना झिरो बॅलन्सवर काढलेलं तुझं खातं "छोटं खातं" असेल, तर त्यात वर्षाला १ लाखाच्या वर जमा होत नाही आणि शिल्लक ५० हजारांच्या पुढे जाऊ शकत नाही. फीचा मोठा हप्ता आला की तो परत जाऊ शकतो आणि महाडीबीटीवर नुसतंच "पेमेंट फेल" दिसतं. १८ पूर्ण झाल्यात, बँकेत जाऊन पूर्ण केवायसी करून घे. अर्ध्या तासाचं काम आहे.

राहणं आणि जेवण यासाठी इतर मागास, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गाला ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. पुणे, मुंबई, ठाणे, नागपूर अशा मोठ्या शहरांत वर्षाला ६० हजार, इतर काही मोठ्या महापालिकांच्या शहरांत ५१ हजार, बाकी जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार. म्हणजे नांदेडला गेलीस तरी ४३ हजार मिळण्याची सोय आहे, आणि नांदेडचा खर्च पुण्यापेक्षा बराच कमी. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, तू त्यात आहेस. पण जागा मोजक्या असतात, गुणांवर निवड होते आणि सरकारी वसतिगृहात असलेल्या मुलीला ही रक्कम मिळत नाही. आधी इतर मागास बहुजन कल्याण खात्याच्या मुलींच्या वसतिगृहासाठी अर्ज कर. ते नाहीच मिळालं तर ही आधार योजना. दोन्हींसाठी कॉलेज ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या सहायक संचालकांच्या कार्यालयात चौकशी करायची. पुणंच झालं तर विद्यार्थी सहाय्यक समितीचा अर्ज चुकवू नकोस. १९५५ पासून ही संस्था ग्रामीण भागातल्या गरजू मुलामुलींना अत्यल्प खर्चात राहण्याची सोय देते आणि निवड मुलाखतीनं होते.

आता त्या अवघड पाच-सहा महिन्यांकडे येऊ. ऑगस्टमध्ये विकास शुल्क आणि किरकोळ मिळून १८ हजार, वसतिगृहाचा पहिला हप्ता आणि अनामत १५ हजार, मेस महिन्याला साडेतीन हजारांनी पाच महिन्यांचे साडेसतरा हजार, ड्रॉइंगचं सामान, जुनी पुस्तकं आणि प्रवास यांचे सात हजार. साधारण ५७-५८ हजार होतात. लॅपटॉप यात धरलेला नाही, पहिलं वर्ष कॉलेजच्या प्रयोगशाळेवर निघतं. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, तेवढा दिलासा.

हे पैसे एका ठिकाणाहून येणार नाहीत. प्रवेशापर्यंत दीड महिना हातात आहे. शिकवण्या, दुकानातलं काम, जे मिळेल त्यातून दहा-बारा हजार जमव. मम्मी बचत गटात असेल तर तिच्या नावावर २० हजार उचलता येतील. महिना दोन टक्के व्याज असेल तर सुरुवातीला महिन्याला ४०० रुपये पडतील. बाहेरच्या सावकाराला किंवा मोबाइलवरच्या झटपट कर्जाच्या ॲपला मात्र हात लावू नकोस. ती ॲपं सात दिवसांच्या कर्जासाठी तुझ्या फोनमधले सगळे नंबर घेतात आणि मग नातेवाइकांना फोन करतात. विकास शुल्काचे दोन-तीन हप्ते करून द्यावेत, असा लेखी अर्ज प्राचार्यांना दे. बरीच कॉलेजं मान्य करतात, पण तोंडी विचारणाऱ्याला नाही म्हणणं सोपं असतं.

उरलेल्यासाठी शैक्षणिक कर्ज. त्याला घाबरू नकोस, पण लागेल तेवढंच घे. चार लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेनं तारण मागायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पालक सहकर्जदार लागतो, आणि तो वडीलच असला पाहिजे असं नाही. मम्मी चालते. वडिलांचं पीककर्ज थकलेलं असेल तर मम्मीच बरी, कारण थकबाकीदार सहकर्जदारामुळे अर्ज फेटाळला जातो. विद्यालक्ष्मी पोर्टलवरून अर्ज कर. कॉलेज पीएम-विद्यालक्ष्मी या केंद्राच्या कर्ज योजनेच्या यादीत आहे का तेही बघ, कारण त्या योजनेत तारण आणि जामीनदार दोन्ही लागत नाहीत. अर्जाला कॉलेजच्या लेटरहेडवरचं चारही वर्षांचं खर्चाचं पत्रक जोड आणि त्यात वसतिगृह, मेस, पुस्तकं आणि लॅपटॉपही लिहून घे. पत्रकात जे नाही त्याला बँक पैसे देत नाही.

समज, वर्षाला ६० हजार घेतलेस आणि व्याज १० टक्के सरळव्याज आहे. अभ्यासक्रमाची चार वर्षं आणि नंतरचं एक वर्ष हप्ता नसतो. मुद्दल २ लाख ४० हजार आणि तोवरचं व्याज ८४ हजार, मिळून ३ लाख २४ हजार. सात वर्षांत फेडायचे तर महिन्याला साधारण ५,४०० रुपये. पण उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असलेल्या कुटुंबातल्या मुलांचं तांत्रिक शिक्षणातलं हे पाच वर्षांचं व्याज केंद्र सरकार भरतं. कॉलेज नॅक किंवा तो अभ्यासक्रम एनबीए मान्यताप्राप्त असावा लागतो (या दोन्ही शिक्षणाचा दर्जा तपासणाऱ्या संस्था). मग हप्ता येतो ४,००० च्या आसपास. हा फरक टिकवायचा तर कर्ज मंजूर होतानाच उत्पन्नाचा दाखला देऊन व्याज अनुदानासाठी नोंद केली का, हे शाखेत विचार. व्यवस्थापक आपण होऊन सांगतीलच असं नाही. आणि अर्ज नाकारला तर कारण लेखी माग. लेखी मागितल्यावर बऱ्याचदा फाइल पुन्हा उघडते.

काम करून शिकण्याचीही एक वाट आहे. आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनी ती घालून दिली आणि आज अनेक विद्यापीठांत कमवा व शिका योजना चालते. ग्रंथालय, कार्यालय, बाग अशी आवारातलीच दिवसाला दोन-तीन तासांची कामं आणि तासावर मानधन. अर्ज प्रवेशानंतर लगेच विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांकडे द्यायचा, जागा पटकन भरतात. यातून मेसचा बराचसा खर्च निघतो. याहून जास्त काम पहिल्या वर्षी अंगावर घेऊ नकोस. अभियांत्रिकीला गणित आणि मेकॅनिक्समध्ये विषय राहिले की वर्ष वाया जायची वेळ येते, आणि वाया गेलेलं वर्ष शिष्यवृत्तीतही अडतं.

हेच पत्र एखाद्या मुलानं लिहिलं असतं तर हिशेब बदलला असता. इतर मागास आणि खुल्या प्रवर्गातल्या मुलांना शिक्षण शुल्काची सवलत निम्मीच आहे. त्यांनी कॅपमध्ये शुल्कमाफीच्या, म्हणजे टीएफडब्ल्यूएसच्या जागा आधी भराव्यात. प्रत्येक शाखेत पाच टक्के जादा जागा असतात आणि शिक्षण शुल्क पूर्ण माफ. उत्पन्नाचा दाखला मात्र कॅपचा अर्ज भरतानाच लागतो आणि नंतर शाखा किंवा कॉलेज बदलता येत नाही.

वडिलांनी सह्याही नाकारल्या तर परभणीच्या न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिलांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो आणि अविवाहित मुलीच्या पालनपोषणाची जबाबदारी कायद्यानं वडिलांवर आहे. पण तुझ्या पत्रावरून तशी वेळ येईल असं वाटत नाही. आधी मामा किंवा शाळेतल्या सरांना मध्ये घाल.

या सोमवारी फाइल घेऊन सेतूवर जा, आणि जात वैधतेच्या अर्जाची पोच मिळाली की आम्हाला कळव. कॅपचे पर्याय भरण्याआधी तुझी कॉलेजांची यादी पाठवलीस तर प्रत्येकाचं विकास शुल्क आणि वसतिगृह आपण एकत्र बसून बघू.